येरवड्याचा उतार : एका नदीच्या अन्नसाखळीची दोनशे वर्षे

१/ येरवडा म्हटले की डोळ्यांपुढे तुरुंगाच्या भिंती उभ्या राहतात. १९३२ चे गांधीजींचे उपोषण आणि पुणे करार आठवतो. थोडे मागे गेले तर १८१७ ची लढाई आठवते. आजच्या धाग्यात मात्र त्या भिंतींकडे पाठ करून आपण नदीकडे तोंड करणार आहोत. आपण एरवी मोडी दफ्तरे, सनदा, बखरी वाचतो. आज माशांच्या नावांची एक यादी वाचायची आहे. ही यादी नीट वाचता आली, तर मुळा-मुठेचे काय झाले हे कळते, आणि ‘अन्नसाखळी’ या शाळेतल्या शब्दात किती इतिहास दडलेला आहे तेही कळते.

२/ सुरुवात लढाईपासूनच करू. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्यानंतर जनरल स्मिथची फौज पुण्याजवळ पोहोचली. पेशव्यांचे सैन्य आणि ही फौज यांच्यामध्ये नदी होती. १६ नोव्हेंबरला इंग्रजांच्या एका तुकडीने येरवड्याच्या उतारावरून नदी ओलांडली. त्या रात्री दुसऱ्या बाजीरावाने पुणे सोडले आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. येरवड्याची लढाई ती हीच. पेशवाईच्या अस्तात एका ‘उताराला’ असे स्थान आहे.

३/ उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा. सेनापतीला तेथे वाट दिसते. निसर्गाच्या अभ्यासकाला दुसरे काही दिसते. पाणी उथळ असले की ऊन तळापर्यंत पोहोचते. ऊन पोहोचले की दगडांवर शेवाळाचा पातळ थर धरतो. खडकांवर आपटणाऱ्या पाण्यात हवा मिसळते. ऊन, शेवाळ आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू या तिन्हींवर नदीतले सगळे खाणेपिणे उभे असते. ज्या उथळपणामुळे पलटण पार गेली, त्याच उथळपणावर मासे जगत होते.

४/ या युद्धात कंपनीच्या मुंबई फौजेतला एक तरुण अधिकारी होता, विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२). खडकी आणि पुणे येथील लढायांत त्याने हिंदी शिपायांच्या पलटणीचे नेतृत्व केले, असे त्याच्या चरित्रात नोंदले आहे. हाच साइक्स काही वर्षांनी दख्खनमध्ये परतला, तो वही घेऊन. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. गावे, पिके, लोकसंख्या, हवामान यांच्या नोंदी करता करता त्याने दख्खनचे पशू, पक्षी आणि मासेही टिपले. राज्य जिंकणाऱ्यांना राज्यात काय काय आहे याची मोजदाद हवी होती. त्या मोजदादीतून आपल्या हाती नदीचे एक जुने दफ्तर लागले.

५/ साइक्सने दख्खनच्या माशांवरचा आपला निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडला. १८३९ मध्ये त्याचा सारांश छापला गेला आणि १८४१ मध्ये तो चित्रांसह प्रसिद्ध झाला. त्यात चाळीसहून अधिक मासे आहेत. भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा या नद्यांची नावे त्यात वारंवार येतात. मौज अशी की नव्या माशांना लॅटिन नावे देताना साइक्सने अनेकदा सरळ मराठी नावेच उचलली. शिंगाळ्याचे झाले ‘सींघाला’, शिंगटीचे ‘सींगटी’, मळ्याचे ‘मुल्या’. चाकणजवळ इंद्रायणीत मिळालेल्या, विचित्र नाकाच्या एका माशाचे नाव झाले ‘नुक्ता’, म्हणजे आपला नकटा. आज जगातला कोणताही मत्स्यतज्ज्ञ ही नावे उच्चारतो तेव्हा नकळत मराठी बोलतो.

६/ येथे क्षणभर थांबले पाहिजे. ही नावे साइक्सला पुस्तकात सापडलेली नव्हती. ती नदीवर जाळे टाकणाऱ्या लोकांच्या तोंडी होती. कोणता मासा धारेत असतो, कोणता डोहात, कोणता रात्री गळाला लागतो, हे भोई-कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. नावाला वेगळेपण येते ते पाहणाऱ्याच्या नजरेतून. शास्त्रीय नावापुढे कंसात लिहिले जाते ते ‘साइक्स, १८३९’. ज्यांनी मासा दाखवला त्यांची नावे कोठेच नाहीत. दफ्तर वाचताना लिहिणाऱ्याबरोबर सांगणाराही शोधायचा असतो. तो नियम येथेही लागू पडतो.

७/ पण यादी म्हणजे इतिहास नव्हे. सरदारांची नुसती नावे लिहिली तर दरबार समजत नाही. कोण कोणाचा आश्रित, कोणाचा सरंजाम कोणत्या गावांवर, हे कळले की दरबार समजतो. नदीचेही तसेच आहे. कोण कोणाला खातो हे कळल्याशिवाय यादीत जीव येत नाही. आपल्या परंपरेत या नात्याला एक जुने नाव आहे, ‘मत्स्यन्याय’. मोठा मासा लहान माशाला गिळतो, तसे राजदंड नसलेल्या समाजात बळी तो कान पिळी होते, हा विचार कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे आणि महाभारताच्या शांतिपर्वातही. राज्यशास्त्राने ही उपमा नदीतून घेतली. ती नदीला कितपत लागू पडते, हे आता पाहू.

८/ १८६६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल याने सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या अभ्यासाला नाव दिले. त्याला आपण परिस्थितिकी म्हणतो. पुढे १९२७ मध्ये ऑक्सफर्डच्या चार्ल्स एल्टनने एका लहानशा पुस्तकात अन्नसाखळीची कल्पना नीट मांडली. प्रत्येक प्राण्याला त्याच्या समाजात एक ‘जागा’ असते, आणि ती मुख्यतः तो काय खातो व त्याला कोण खातो यावरून ठरते, असे त्याचे म्हणणे. १९३५ मध्ये आर्थर टान्सली याने सजीव आणि त्यांच्याभोवतीची माती, पाणी, हवा यांना एकत्र धरून ‘परिसंस्था’ ही संकल्पना दिली. साइक्सची यादी तोवर जवळजवळ शंभर वर्षे जुनी झाली होती. आता एल्टनचा चष्मा लावून ती वाचू.

९/ सर्वांत खाली उत्पादक असतात. उन्हातून स्वतःचे अन्न तयार करणारे शेवाळ, सूक्ष्म हिरवे जीव आणि पाणवनस्पती हे नदीतले उत्पादक. त्यांच्यावर चरणारे प्राणी म्हणजे पहिले भक्षक. मळ्या हा त्यांतला नमुनेदार मासा. त्याच्या हनुवटीखाली चकतीसारखा एक अवयव असतो. तिच्या आधाराने तो वेगवान धारेत दगडाला चिकटून राहतो आणि शेवाळ खरवडतो. नकट्याचे तोंडही खालच्या अंगाला असते. शेतकऱ्याच्या हातातले अवजार पाहून त्याचे पीक ओळखावे, तसे माशाचे तोंड पाहून त्याचे अन्न ओळखता येते.

१०/ त्यावरची पायरी लहान शिकाऱ्यांची. चांदीच्या पात्यासारखा आळकूट पृष्ठभागाजवळ फिरतो आणि पाण्यावर पडलेले किडे टिपतो. त्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. शिंगटी तळाशी राहते आणि मिशांनी चाचपडत अळ्या, किडे, झिंगे शोधते. सापासारखी लांब वाम दिवसा कपारीत दडते आणि रात्री बाहेर पडून किडे व लहान मासे खाते. एकाच डोहात, एकाच पाण्यात, हे तिघे एकमेकांच्या ताटात फारसा हात घालत नाहीत. कोणी वरच्या थरात, कोणी तळाशी, कोणी रात्रीच्या पाळीला. एल्टन ज्याला ‘जागा’ म्हणत होता ती अशी वाटलेली असते.

११/ सर्वांत वर मोठे शिकारी. शिंगाळा हा लांब मिशांचा, खवले नसलेला मासा मीटरभराहून अधिक वाढू शकतो आणि इतर मासे खाऊन जगतो. मरळ गवताच्या आडोशाला दबा धरून बसते. पाण्याबाहेरही हक्कदार आहेतच : खंड्या, बगळे, पाणकावळे, आणि दख्खनच्या नद्यांतले पाणमांजर. मासे खाणारा पक्षी झाडावर बसून विष्ठा टाकतो, मेलेला मासा तळाशी कुजतो, आणि जिवाणू व बुरशी त्या साऱ्याचे पुन्हा खत करतात. या विघटकांना साइक्सच्या यादीत जागा नाही. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पण सारा हिशेब शेवटी त्यांच्याच दप्तरी जमा होतो.

१२/ आणि मग येतो या यादीतला सर्वांत मानाचा मासा. साइक्सने त्याचे नाव ठेवले ‘खुद्री’. आपण त्याला महासीर म्हणून ओळखतो. मोठमोठ्या खवल्यांचा हा बलदंड मासा शेवाळ खातो, किडे खातो, पाण्यात पडलेली फळे खातो, आणि घशातल्या दातांनी गोगलगाईंची कवचेही फोडतो. त्याला एकाच पायरीवर बसवता येत नाही. अशा माशामुळेच ‘साखळी’ हा शब्द अपुरा पडतो. साखळीत एका कडीला दोनच शेजारी असतात. नदीत एकेका प्राण्याला दहा ठिकाणी धागे जोडलेले असतात. म्हणून अभ्यासक ‘अन्नजाळे’ म्हणतात. जाळ्याचा एक धागा तुटला तर जाळे टिकते. किती धागे तुटेपर्यंत, हा खरा प्रश्न असतो.

१३/ आता सन १९४२. त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या. ऑगस्टमध्ये गांधीजींना अटक करून येरवड्याजवळच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात ए. जी. एल. फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध केली. साइक्सनंतर शंभर वर्षांनी कोणीतरी पुन्हा हजेरी घेतली होती. आणि त्याच वर्षी अमेरिकेत रेमंड लिंडमन नावाच्या तरुणाचा एक निबंध छापला गेला. या तिसऱ्या घटनेचा पुण्याशी काही संबंध नव्हता. तरी आपली नदी समजून घ्यायला तीच सर्वाधिक उपयोगी पडते.

१४/ लिंडमनने मिनेसोटातल्या एका लहान दलदलीच्या तळ्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. कोण कोणाला खातो याच्या पुढे जाऊन त्याने विचारले : एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर ऊर्जा किती पोहोचते? परीक्षकांनी निबंध आधी नाकारला होता. त्यांना त्यात तर्क फार आणि पुरावा थोडा वाटला. त्याचे मार्गदर्शक हचिन्सन यांनी आग्रह धरला म्हणून तो छापला गेला. तो पाहायला लिंडमन उरला नव्हता. जून १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तो वारला. आज शाळेच्या पुस्तकात ‘ऊर्जेचा मनोरा’ म्हणून जे चित्र असते, त्याच्या मागे हा निबंध आहे.

१५/ त्यातून रूढ झालेला ढोबळ नियम असा : प्रत्येक पायरीवर आलेल्या ऊर्जेचा साधारण दहावा हिस्साच पुढे जातो. बाकीची श्वासोच्छ्वासात, हालचालीत, उष्णतेत आणि न पचलेल्या अन्नात जाते. हे प्रमाण जागोजागी कमीजास्त असते, पण हिशेब लक्षात यायला पुरेसे आहे. एक किलो शिंगाळा वाढायला सुमारे दहा किलो लहान मासे लागतात. त्या दहा किलोंना शंभर किलो अळ्या-किडे, आणि त्यांना हजार किलो शेवाळ. म्हणून पायऱ्या चार-पाचांच्या वर फारशा जात नाहीत. चौथाई आणि सरदेशमुखीची वाटणी आपण वाचलेली आहे. येथे प्रत्येक नाक्यावर नऊ हिस्से कापले जातात.

१६/ आता मत्स्यन्यायाकडे परत येऊ. मोठा मासा लहान माशाला खातो हे खरे. पण ते अर्धेच सत्य आहे. मनोऱ्याच्या टोकावरचा शिंगाळा सर्वांत बलवान दिसतो, आणि सर्वांत परावलंबीही तोच असतो. शेवाळ घटले तर मळ्या घटतो. मळ्या घटला तर शिंगाळ्याची उपासमार होते. लहान मासे मात्र मोठ्या माशावाचून जगू शकतात. राजा प्रजेला गिळतो ही भीती कौटिल्याने माशांवरून सांगितली. प्रजा नसेल तर राजा उरत नाही, हे नदीचे दुसरे वाक्य त्या उपमेत आलेच नाही. पुण्याच्या नदीत पुढे जे झाले, ते या दुसऱ्या वाक्याप्रमाणे झाले.

१७/ पहिला बदल पाणी अडवण्याचा. येरवड्याजवळचा बंधारा १८५० मध्ये झाला. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून. ‘बंडगार्डन’ हे नाव त्या बंधाऱ्यावरून पडले. पुण्याला पाणी हवे होते आणि ते मिळाले. १८७९ मध्ये मुठेवर खडकवासल्याचे धरण उभे राहिले. १९२० च्या दशकात मुळेवर मुळशीचे धरण झाले. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह त्याच्याच विरोधात होता. त्या सत्याग्रहात बुडणाऱ्या गावांचा आवाज उठला. नदीतून वर-खाली जाणाऱ्यांचा आवाज उठवणारे कोणी नव्हते. महासीरसारखे मासे विणीसाठी वरच्या, स्वच्छ, खडकाळ धारेकडे जातात. भिंत आली की ती वाट बंद होते.

१८/ दुसरा बदल मैल्याचा. शहर वाढले. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. त्या वाढीबरोबर न शुद्ध केलेले सांडपाणी नदीत येत राहिले. आज केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत मुळा-मुठेचे नाव असते. सांडपाणी म्हणजे जिवाणूंना मेजवानी. ते भराभर वाढतात आणि वाढताना पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. गाळाने दगड झाकले जातात, ऊन तळाशी पोहोचत नाही, आणि शेवाळाचा थर जातो. वर जलपर्णी पसरली की उरलेला प्रकाशही अडतो. येरवड्याच्या उताराला ज्या तीन गोष्टींनी मोल आले होते त्या सर्व, म्हणजे ऊन, शेवाळ आणि प्राणवायू, एकाच वेळी आटल्या.

१९/ हे आपण अंदाजाने म्हणत नाही, कारण हजेरी पुढेही घेतली गेली. फ्रेझरनंतर १९४४ मध्ये सुटर यांनी नवी भर घातली. १९६३ मध्ये तोनापी आणि मुल्हेरकर यांनी पुण्याच्या गोड्या पाण्यातल्या माशांची यादी केली. २००३ मध्ये हेमंत घाटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळा-मुठेचे मासे पुन्हा नोंदले, आणि या साऱ्या जुन्या याद्या शेजारी ठेवून दीर्घकाळात काय बदलले तेही तपासले गेले. काही जुनी नावे पुन्हा सापडली नाहीत आणि काही परकी नावे नव्याने आली. एकेक यादी म्हणजे एकेक छायाचित्र होते. शेजारी ठेवल्यावर त्यांचा इतिहास झाला. कोणी फार महत्त्वाचे वाटत नसतानाही यादी करून ठेवतो, त्याचे मोल साठ वर्षांनी कळते.

२०/ या गळतीमागे एक तर्क आहे. ज्यांना भरपूर प्राणवायू, स्वच्छ दगड आणि मोकळी धार लागते ते आधी जातात : महासीर, नकटा, मळ्या. नकटा आज आंतरराष्ट्रीय यादीत धोक्यातल्या जातींत आहे. जे हवेतला प्राणवायू थेट घेऊ शकतात, मरळीसारखे, ते तग धरतात. आणि जे काहीही खातात, कोठेही राहतात, ते फोफावतात. आफ्रिकेतून आलेली तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली गेली, अन्न म्हणून. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, शेवाळापासून कुजक्या गाळापर्यंत सारे खाते आणि कमी प्राणवायूतही जगते. जेथे तीन मासे तीन प्रकारचे अन्न वाटून घेत होते, तेथे आता एकच मासा सर्वांच्या ताटात हात घालतो.

२१/ या माशाचे आपण मराठीत काय नाव ठेवले? ‘चिलापी’. दक्षिण आफ्रिकेतल्या त्स्वाना भाषेत मासा या अर्थाचा जो शब्द आहे, त्यावरून १८४० मध्ये अँड्र्यू स्मिथने ‘तिलापिया’ हे लॅटिन नाव घडवले, आणि त्यावरून आपल्या बाजारात चिलापी आली. साइक्सची यादी १८३९ ची. त्या वेळी मराठी नावे लॅटिनमध्ये जात होती, कारण मासे आपले होते. पुढे लॅटिन नावे मराठीत आली, कारण मासेही बाहेरून आले. नदीचा इतिहास शब्दांच्या येण्याजाण्यातही असा उमटतो. ‘नकटा’ हा शब्द आज माशासाठी किती पुणेकर वापरतील?

२२/ आता एक शंका येईल. येरवड्याच्या नदीकाठी तर पक्षी खूप दिसतात! कल्याणीनगरच्या बाजूला, डॉ. सालिम अली यांच्या नावाने ओळखले जाणारे पक्षी अभयारण्यही आहे. मग नदी मेली कशी म्हणायची? शंका रास्त आहे, आणि उत्तर अन्नजाळ्यात आहे. मैल्याच्या गाळात रक्तासारख्या लाल अळ्या आणि बारीक कृमी प्रचंड संख्येने होतात; थोडक्या प्राणवायूत त्यांचे भागते. उंच गुलाबी पायांचा शेकाट्या, धोबी आणि कित्येक बदके त्यांच्यावर जगतात. घारींना कचरा पुरतो. म्हणजे पक्ष्यांची गर्दी हा निरोगी नदीचा पुरावा होईलच असे नाही. ते पक्षी काय खातात हे पाहावे लागते.

२३/ म्हणून ‘नदी मेली’ हे वाक्य मला अपुरे वाटते. नदी रिकामी झालेली नाही; तिचा मनोरा बुटका झाला आहे. पूर्वी ऊन, शेवाळ, मळ्या, शिंगाळा, पाणमांजर अशा पायऱ्या होत्या. आता मैला, जिवाणू, अळी, शेकाट्या, एवढ्यात काम आटोपते. पहिल्या मनोऱ्याचा पाया आकाशातून येणारे ऊन होता. दुसऱ्याचा पाया आपल्या घरातून येणारे सांडपाणी आहे. पहिल्यात अनेक जाती एकमेकींना तोलून धरत होत्या. दुसऱ्यात थोड्या जाती मोठ्या संख्येने आहेत. दोन्ही परिसंस्थाच, पण एकीला वाडा म्हणावे, तर दुसरी त्याच्या जोत्यावर टाकलेली पडवी आहे.

२४/ आणि आपल्या खुद्रीचे काय झाले? ही कहाणी सरळ शोकांतिका असती तर सांगायला सोपी होती. १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ या महासीरची पैदास सुरू केली, आणि जात वाचली. पिल्ले देशात ठिकठिकाणी सोडली गेली, त्यांत कावेरीही होती. कावेरीत मुळातच एक महाकाय, कुबडा महासीर राहत होता. पुढच्या काही दशकांत तेथे खुद्री वाढला आणि कुबडा महासीर घटला. आज तो अतिशय संकटग्रस्त जातींत गणला जातो, आणि परक्या महासीरची भर हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. भीमेच्या खोऱ्यातला हा मासा येरवड्याच्या पाण्यात उरला नाही, आणि कावेरीत उपरा ठरला. जात वाचवणे म्हणजे जाळे वाचवणे नव्हे, हे त्याच्याकडून शिकावे. एकाच माशाला एक जागा घडवते आणि दुसरी जागा बिघडवायला लावते.

२५/ हा इतिहास संपलेला नाही. पक्षी अभयारण्य म्हणवणाऱ्या त्या काठाला कायद्याने अभयारण्याचा दर्जा मिळालेला नाही. २०२२ मध्ये मुळा-मुठेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचे भूमिपूजन झाले आणि बंडगार्डनच्या पट्ट्यात काम सुरू झाले. त्यावर दोन बाजू आहेत आणि वाद चालूच राहील. पण वाद ऐकताना एक प्रश्न मनाशी ठेवा : काठ बांधून झाल्यावर उथळ पाणी, दगड, गवत आणि चिखलाची कड किती उरेल? कारण मनोऱ्याची पहिली पायरी तेथे असते. पाणी शुद्ध झाले आणि काठ मात्र भिंत झाला, तरी मळ्याला खरवडायला दगड हवाच.

२६/ १८१७ मध्ये येरवड्याच्या उतारावर कोण पार गेले हे आपल्याला तारखेनिशी ठाऊक आहे. त्याच उतारावरून कोणता मासा केव्हा शेवटचा वर गेला, ही तारीख कोणी लिहून ठेवली नाही. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून ही उणीव आपण पुढच्यांसाठी तरी भरून काढू शकतो. पुढच्या वेळी बंडगार्डनच्या पुलावर थांबाल तेव्हा वही काढा. तारीख, वेळ, कोणता पक्षी, तो काय खात होता, एवढे चार रकाने पुरे. घरातल्या किंवा काठावरच्या वडीलधाऱ्यांना नदीतल्या माशांची नावे विचारा आणि ती जशीच्या तशी लिहून ठेवा. लिहिताना सांगणाऱ्याचे नावही लिहा. साइक्सकडून ते राहून गेले.